वस्ती तिथे शाळा

चाकणच्या कारखान्यातल्या माणसाला दोन-तीन वर्षांसाठी परदेशी पाठवायचे ठरले की घरात पहिले आठ दिवस आनंदाचे जातात. मग प्रश्न सुरू होतात. घराचे काय, म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण बघणार, बायकोने नोकरी सोडायची का, आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त रात्री जागवणारा प्रश्न म्हणजे मुलांची शाळा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोन जर्मन कंपन्यांचे चाकणचे कारखाने २००९ साली सुरू झाले. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आले. आज मोशी, चऱ्होली, आळंदीच्या नव्या सोसायट्यांत स्टुटगार्ट आणि वोल्फ्सबुर्ग ही नावे कुणाला परकी वाटत नाहीत. कुणाचा तरी दीर, कुणाची तरी मेहुणी तिथे असते.

शाळेचा प्रश्न बहुतेक घरांत एका वाक्यात मिटवला जातो. "कंपनी इंटरनॅशनल स्कूलची फी देतेय. इंग्लिश मीडियम आहे. परत आल्यावर त्रास नको." बाप असे म्हणतो, आई मान हलवते आणि निर्णय होतो. मला या निर्णयाविषयी बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मूल दहा वर्षांच्या आतले असेल आणि मुक्काम वर्षभरापेक्षा जास्त असेल, तर त्याला त्या गावच्या साध्या सरकारी शाळेत घालावे. जिथे पाववाल्याचे, बसड्रायव्हरचे, डॉक्टरचे मूल जाते, तिथे आपलेही जावे. फी भरायला कंपनी तयार असली तरीही.

इंटरनॅशनल शाळांना मी नावे ठेवत नाही. त्या एका खऱ्या गरजेतून जन्मल्या. पहिले महायुद्ध संपल्यावर जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आली, देशोदेशींचे अधिकारी तिथे राहायला आले. त्यांची मुले दर तीन-चार वर्षांनी गाव आणि देश बदलणार होती. त्यांच्यासाठी १९२४ साली जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल निघाली. पुढे १९६८ मध्ये त्याच शहरात इंटरनॅशनल बॅकलरिएट ही संस्था स्थापन झाली, म्हणजे एका देशात अकरावी आणि दुसऱ्या देशात बारावी करणाऱ्या मुलाला कुठल्याही विद्यापीठात चालेल अशी परीक्षा मिळाली. आपल्याकडेही तसेच घडले. हिंजवडीत १९९८ साली मर्सिडीज-बेंझच्या नावाने इंटरनॅशनल शाळा सुरू झाली ती इथे आलेल्या परदेशी कुटुंबांच्या सोयीसाठी. आता ती महिंद्रांच्या नावाने चालते. ज्याचे बिऱ्हाड सतत पाठीवर आहे, त्याच्या मुलाला कुठेतरी एकसारखेपणा लागतो. तो या शाळा देतात. तिथल्या शिक्षकांना नव्या मुलाला सामावून घ्यायची सवय असते, वर्षाच्या मध्यावरही प्रवेश मिळतो, इंग्रजी येणाऱ्या मुलाचा पहिला दिवस रडण्यात जात नाही.

पण या सोयीची एक किंमत आहे, आणि ती फीच्या पावतीवर येत नाही. अशा शाळेतले मूल त्या देशात राहते, पण त्या गावात राहत नाही. सकाळी बस त्याला दूरच्या शाळेत नेते, संध्याकाळी आणून सोडते. त्याचे मित्र शहराच्या पाच टोकांना राहतात आणि त्यांतले निम्मे पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या देशात जाणार असतात. खालच्या मजल्यावरच्या आजीशी ते बोलू शकत नाही. मैदानात चेंडू खेळणाऱ्या पोरांकडे ते खिडकीतून बघते. तीन वर्षांनी परत आल्यावर त्याच्याजवळ फोटो खूप असतात, पण तिथल्या एकाही माणसाचे नाव ते आपणहून सांगत नाही.

जर्मनीचेच उदाहरण पुढे नेतो, कारण आपल्या पट्ट्यातून सर्वाधिक चर्चा त्याच देशाची होते. तिथे मूल सहा वर्षांचे झाले की शाळा सक्तीची असते, आणि ती सक्ती तिथे राहणाऱ्या परदेशी मुलालाही लागू होते. घरी बसवून शिकवण्याची मुभा जवळजवळ नाहीच. सरकारी शाळेला फी नाही. गावातले मूल साधारणपणे आपल्या भागातल्या प्राथमिक शाळेत जाते, बहुतेक वेळा चालत, आणि पहिलीच्या काही महिन्यांतच आईबापांशिवाय. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात भलामोठा कागदी शंकू असतो, आत खाऊ आणि पेन्सिली. पुष्कळदा घरच्यांनीच तो खपून बनवलेला असतो. आपल्या मुलीच्या हातात तो शंकू असला आणि शेजारच्या मुलाच्याही हातात असला, म्हणजे ती त्या गावची झाली.

ही शाळा अशी आपोआप झालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जर्मनीत श्रीमंतांच्या मुलांसाठी फी घेणाऱ्या वेगळ्या प्राथमिक शाळा होत्या. तिथून ती मुले थेट वरच्या शाळेत जात. महायुद्धानंतर प्रजासत्ताक आले आणि १९२० च्या कायद्याने पहिली चार वर्षे सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकायचे असे ठरले. आजच्या जर्मन राज्यघटनेतले, म्हणजे १९४९ च्या मूलभूत कायद्यातले सातवे कलम आणखी पुढे जाते. सरकारी शाळेच्या जागी खासगी शाळा काढायची असेल, तर आईबापांच्या ऐपतीवरून मुलांची विभागणी तिच्यामुळे वाढता कामा नये, अशी अट त्यात आहे. शाळेत शेजारी कोण बसणार हे बापाच्या पगारावर ठरू नये, हे एका देशाने घटनेत लिहून ठेवले. आपण त्या देशात जाऊन वर्षाला पंधरा-वीस हजार युरो फीची शाळा शोधतो, तेव्हा त्या देशाने शंभर वर्षे जपलेली सगळ्यांत चांगली गोष्ट आपण न बघताच परत येतो.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते हेही आठवावे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घ्यावीत असा हुकूम काढला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. १९१९ चा हुकूम कोल्हापूरचा आणि १९२० चा कायदा जर्मनीचा. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. शाळा वेगळी झाली की समाज वेगळा होतो. ही जाण आपल्याला कुणाकडून आयात करायची गरज नाही. ती आपल्या घरची आहे.

गावच्या शाळेचा आणखी एक मोठा लाभ आहे, आणि तो मुलाचा नाही, आईचा आहे. परदेशी बदली होते ती बहुधा नवऱ्याची. नाशिक फाट्यावरच्या ऑफिसात किंवा तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी बाई ती सोडून त्याच्यामागे जाते. नवरा सकाळी कामाला जातो, मूल इंग्रजी शाळेच्या बसने जाते आणि ती चार भिंतींत उरते. बाहेर बर्फ, भाषा येत नाही, फोनवर आईशी बोलायचे तर वेळेचा घोळ. कितीतरी हुशार बायकांची तीन वर्षे अशी गेली आहेत, आणि त्याविषयी त्या परत आल्यावर बोलतही नाहीत. मूल गावच्या शाळेत असेल तर तिला फाटकाशी जावे लागते. दुसऱ्या आया भेटतात. त्यांतली एखादी तुर्की, एखादी सीरियाची, एखादी त्याच गल्लीतली असते. संध्याकाळी पालकसभा असते. मुलाच्या वाढदिवसाला कुणाच्या घरी जावे लागते, कुणाला बोलवावे लागते. भाषा तिच्याही तोंडी बसते. भाषा आली की नोकरीचे दार किलकिले होते. शाळेचा निर्णय घेताना बाप फक्त मुलाचे गुणपत्रक बघतो. बायकोकडेही बघावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

आता अडचणी. त्या लपवून कुणालाही गावच्या शाळेत पाठवणे पाप आहे.

पहिली अडचण भाषेची, आणि ती वाटते त्यापेक्षा खोल आहे. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून एक भेद दाखवला. खेळायला, भांडायला, डबा वाटून खायला लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण गणिताचा शाब्दिक प्रश्न समजायला, इतिहासाचे उत्तर लिहायला लागणारी भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून वर्ष-दोन वर्षांत मूल फाडफाड जर्मन बोलू लागले की आईबाप निर्धास्त होतात, आणि तिसरीत त्याचे गुण घसरले की गोंधळतात. मूल आळशी झालेले नसते. त्याची दुसरी भाषा अजून कच्ची असते, एवढेच. बऱ्याच जर्मन शाळांत नव्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात. ते आहेत का, आठवड्याला किती तास आहेत, हे जाण्याआधी पत्र लिहून विचारावे. कंपनीलाही सांगावे की फीचे पैसे राहू द्या, मुलाला आणि त्याच्या आईला घरी येऊन भाषा शिकवणारा शिक्षक द्या. कंपनीचा खर्च यात कमीच होतो.

दुसरी अडचण जर्मनीची खास आहे. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात. काही विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जातात, काही कामधंद्याच्या शिक्षणाकडे. नऊ वर्षांचे मूल जर्मन न येता तिसरीत दाखल झाले, तर भाषेपायी त्याला खालच्या वाटेवर ढकलले जाण्याचा धोका खरा आहे. २००० सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने जर्मनांना स्वतःलाच धक्का दिला होता. त्यांच्याकडे मुलाचे यश आईबापांच्या परिस्थितीशी किती घट्ट बांधलेले आहे, हे तेव्हा उघड झाले. म्हणजे घटनेत लिहिले तरी काम संपत नाही. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल आणि मूल नऊ-दहाचे असेल, तर राज्याचे नियम नीट वाचून जावे.

तिसरी अडचण वयाची. चौदा वर्षांच्या मुलीला आठवीतून उचलून अनोळखी भाषेच्या वर्गात बसवणे मला मान्य नाही. त्या वयात बोलता न येणे म्हणजे काय, हे मोठ्यांना कळत नाही. तिच्यासाठी इंटरनॅशनल शाळा योग्य. तीही नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते का, ते पाहावे. मात्र जर्मनीसारख्या देशात शाळेत न जाता घरी अभ्यास करणे कायद्यात बसत नाही, हे लक्षात ठेवावे. आखातात तर प्रश्नच वेगळा आहे. दुबई-मस्कतला गेलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांची मुले केंद्रीय मंडळाशी जोडलेल्या भारतीय शाळांत शिकतात, आणि तिथे तेच शहाणपणाचे आहे.

"परत आल्यावर काय?" हा प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर आपल्या कायद्यातच आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि तो वर्ग गाठण्यासाठी लागणारे खास शिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे स्टुटगार्टहून आलेल्या पाचवीच्या मुलाला मराठी लिहिता येत नाही म्हणून कुणी दुसरीत बसवू शकत नाही. मराठीची काळजी तर आईबापांनीच घ्यावी. तिथे घरात मराठीच बोलावी, रोज थोडे वाचून घ्यावे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने शनिवारी-रविवारी मराठी शाळा चालतात. तशी सोय नसेल तर चार घरे मिळून करता येते. घरची भाषा घट्ट असलेले मूल दुसरी भाषा लवकर शिकते.

गावच्या शाळेत शिरलेला परका माणूस पुढे कुठवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण मराठी माणसाने जपानमध्ये घालून दिले आहे. योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसभेवर निवडून आले. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. परदेशातून आलेल्या माणसाच्या हाती जपानने आपली शाळा दिली, कारण त्याने त्या वस्तीला आपले मानले होते.

इथवर सगळे परदेशाविषयी झाले. आता मला आपल्या दाराशी यायचे आहे, कारण खरी परीक्षा इथे आहे.

आळंदी-चाकणच्या पट्ट्यात फिरून बघा. मरकळ, सोळू, धानोरे, केळगाव, चिंबळी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. प्रत्येक गावात खोल्यांच्या रांगा आहेत. एका खोलीत बिहारचे कुटुंब, शेजारी उत्तर प्रदेशचे, पलीकडे ओडिशाचे, त्यापुढे बीड-परभणी-वाशिमचे. बाप कंत्राटी कामगार, शिफ्ट बारा तासांची. ही माणसे परगावी आली आणि त्यांनी मुलांसाठी नेमके तेच केले जे मी वर स्टुटगार्टला जाणाऱ्या इंजिनिअरला सुचवतो आहे. त्यांनी मुलांना गावच्या शाळेत घातले. जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदेच्या, महापालिकेच्या मराठी शाळांत आज अशी कितीतरी मुले आहेत ज्यांच्या घरी भोजपुरी, मैथिली किंवा ओडिया बोलली जाते. पैसे नाहीत म्हणून घातले, असे कुणी म्हणेल. असेल तसेही. पण ती मुले मराठी वाचतात, पोवाडा म्हणतात, वारीच्या दिवशी पांढरा सदरा घालून दिंडीत चालतात.

या मुलांना आपण काय देतो? स्टुटगार्टच्या शाळेत आपल्या मुलासाठी पूर्वतयारीचा वर्ग नसेल तर आपण तक्रारीचा मेल लिहू. इथे पहिलीतल्या भोजपुरी बोलणाऱ्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी मराठीचे पुस्तक येते आणि चाळीस मुलांना सांभाळणारी एकटी बाई आपल्या परीने, आपल्या जिवावर तिला सावरते. अशा शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्या हिंदीत समजावतात, चित्रे काढतात, मुलीच्या भाषेतले शब्द फळ्यावर लिहितात. हे त्यांना कुणी शिकवलेले नसते आणि त्याचा वेगळा तासही कुठल्या वेळापत्रकात नसतो. कंत्राट संपले की कुटुंब खोली बदलते. कुरुळीतून म्हाळुंग्याला गेले की मूल दोन महिने कुठल्याच शाळेत नसते. स्थलांतरित मुलांसाठी शासनाचे शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवले की नव्या गावच्या शाळेने मूल लगेच बसवून घ्यायचे असते. पण ते पत्रक आईच्या हातात पडायला हवे, आणि त्याचा उपयोग काय हे तिला तिच्या भाषेत सांगायला हवे.

आणि आपण, इथले मूळचे, आपण आपली मुले कुठे घातली? कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, गुंठ्यांचे पैसे आले. मोशी-चऱ्होलीच्या रस्त्याला एकामागून एक शाळांचे फलक लागले आणि बहुतेकांच्या नावात इंटरनॅशनल आले. ज्या मुलाचे आजोबा, पणजोबा याच शिवारात राबले, ज्याचे कुटुंब पुढेही इथेच राहणार आहे, त्याला जिनिव्हाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेचे नाव लावून आपण काय मिळवले? बहुतेक ठिकाणी तर ते नुसते नावच आहे. मुलाला वर्गात जे मिळते ते राज्य किंवा केंद्रीय मंडळाचेच पुस्तक असते. मिळवले असेल तर एवढेच, की आपले मूल त्या खोल्यांतल्या मुलांशेजारी बसत नाही. गावच्या शाळेतून गावाची मुले निघून गेली आणि शाळा परक्यांची झाली. मग शाळेची गळकी कौले, न चालणारा नळ, रिकामी शिक्षकाची जागा हा गावच्या ग्रामसभेत विषयच उरला नाही.

डॉ. दौलतसिंह कोठारींच्या आयोगाने १९६६ साली हेच बजावले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. सर्व थरांची मुले ज्यात शेजारी बसतील अशी शेजारशाळा देशाने उभारावी, असे त्यांनी सुचवले. देशाने अहवालाला मान दिला आणि ही शिफारस कपाटात ठेवली. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याने नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयाने दार उघडे ठेवले हे चांगले झाले. पण दाराच्या आत मुलांना एकत्र बसवणे हे काम आईबापांचे आहे.

आळंदीत राहून हे लिहिताना मला चार भावंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला म्हणून या गावाने त्यांच्या मुलांची मुंज नाकारली. त्या काळी मुंज म्हणजे शिक्षणाचा प्रवेश. निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान यांना गावाच्या शाळेचे दार बंद झाले. शुद्धिपत्रासाठी भावंडांना पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. मुक्ता तर मुलगीच, तिच्यासाठी ते दार मुळातच नव्हते. १२९० साली नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सर्वांना कळेल अशा मराठीत सांगितला. १२९६ मध्ये ते याच गावात समाधिस्थ झाले. आज कार्तिकीला लाखो माणसे इथे येतात. ज्या गावाचे मोठेपण दार नाकारलेल्या मुलांमुळे आहे, त्या गावाने शाळेच्या दारात उभ्या असलेल्या कुठल्याही मुलाला परके म्हणू नये. जोग महाराजांनी १९१७ साली इथेच वारकरी शिक्षण संस्था काढली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून मुले आली, आणि आळंदीच्या घराघरांनी त्यांना माधुकरी घातली. परगावच्या मुलाला शिकण्यासाठी आसरा देण्याची सवय या गावाच्या अंगात आहे. ती झेडपीच्या शाळेपर्यंत पोहोचवायची आहे, एवढेच.

हे होते का? होते. आळंदी ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कनेरसरजवळ जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले. त्याआधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांनी गावाला बरोबर घेऊन नावारूपाला आणली होती. जालिंदरनगरलाही त्यांनी आधी गाव जोडले. मुले एकमेकांची विषयमित्र झाली, म्हणजे ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे, वय आणि वर्ग आड येऊ द्यायचा नाही. २०२५ साली लंडनच्या टी-फोर एज्युकेशन संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत या शाळेला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. जगभरातून मते पडली ती एका वस्तीवरच्या मराठी शाळेला.

एका गुरुजींवर तालुका चालत नाही, हे मला कळते. म्हणून मागणे सगळ्यांकडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. चाकणच्या कारखान्यांचे त्यातले पैसे शाळांना रंग देण्यात, बाकांत आणि फलकांत जातात. त्यातून दर मोठ्या गावच्या शाळेत एक भाषा-शिक्षक नेमावा. नव्याने आलेल्या मुलांना पहिले वर्ष रोज तासभर मराठी शिकवणे हेच त्याचे काम. जर्मन कंपन्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांच्या देशात ते रोज चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला. त्यातून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर तिकडे जातील. त्यांना इंटरनॅशनल शाळेची फी कुणी देणार नाही. त्यांची मुले तिथल्या गावच्या शाळेतच जातील आणि तिथल्या शिक्षकाने आपल्या मुलाला सांभाळून घ्यावे, अशी अपेक्षा आपण धरू. तीच अपेक्षा खोलीत राहणाऱ्या बिहारच्या बापाची इथे आहे.

आणि गावाने करायचे काम याच जूनमध्ये करता येईल. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य बायका असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्याकडे ती गावकीच्या सोयीने ठरते आणि तिच्यात भाडेकरूंचे नाव नसते, मग वर्गात निम्मी मुले त्यांची का असेनात. या वर्षी समिती निवडताना पालकसभा रविवारी ठेवा, म्हणजे शिफ्टवाल्यांना येता येईल. सूचना हिंदीतही लिहा. आणि ओडिशाहून आलेल्या, मुलीला तिसरीत घातलेल्या एखाद्या आईचे नाव समितीत सुचवा.